आवाजाचा नारळ

"डोळे मीट. मिटले? आता सांग, कोन येऊन राहिलं?"

किती वर्षं झाली, पण हा आवाज रत्नाबाईच्या कानातून खाली उतरला नव्हता. नवी नवरी होती ती तेव्हा. ओसरीत तांदूळ निवडत बसायची आणि अंगणात तुलाराम चालून दाखवायचा. कधी पोट पुढे काढून पाटलासारखा, कधी कोऱ्या चपला वाजवत शाळेच्या मास्तरासारखा, कधी गुडघे धरलेल्या आपल्याच आईसारखा. रत्नाबाई डोळे घट्ट मिटून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "कोनी नाई. तुमीच हा." कारण चाल कोणाचीही उसनी आणली तरी पायरी आली की तुलाराम ते सोंग विसरायचा. धानाच्या बांधीत, भाताच्या चिखलात वाढलेला माणूस. पायरी चढण्याआधी उजवा पाय जमिनीला दोनदा घासायचा, चिखल निघावा म्हणून. भर उन्हाळ्यात अंगण कोरडं ठणठणीत असलं तरी घासायचा. सर्र, सर्र. मग वर.

तुलाराम दंडारीच्या, म्हणजे गावच्या नाच-नाटकाच्या, पडद्यामागचा माणूस. तोंडाला रंग त्याने कधी लावला नाही. डालड्याच्या डब्यात वाटाणे घोळवून तो पाऊस पाडायचा, पत्रा हलवून वीज कडकडवायचा, आणि राजा आत यायचा असला की विंगेत पाय आपटत स्वतःच चालायचा. एका मंडईच्या म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या हंगामानंतर नाटक कंपनीबरोबर नागपूरला म्हणून गेला, तो गेलाच. पुढल्या साली लाखनीच्या ढाब्यावर एक ट्रक ड्रायव्हर सांगून गेला, "तुमचा तुलाराम बंबईत हाय. पिच्चरमध्ये चालते."

"म्हंजे हिरो झाला का बे?"

"हिरो नाई. हिरो चालते तं आवाज तुलाराम करते. बंद खोलीत चालत राह्यते दिवसभर."

लोक आठवडाभर हसले. चालायचा पगार भेटते म्हणे. आपन तं फुकटच चालून राहिलो, बाप्पा. त्यानंतर ना माणूस आला, ना निरोप.

आता एकोणीसशे ब्याऐंशीचा फाल्गुन सरत आला होता आणि पळस पेटला होता. लाखनीच्या चारी बाजूंना, बांधांच्या कडेला, तळ्याच्या पाळीवर, हायवेच्या दोन्ही अंगांनी नुसती लाल फुलं. पान म्हणून एक नाही. लोकांना ते रूप गोड वाटे. रत्नाबाई मात्र त्या झाडांखालून मान खाली घालून जाई. कारण पळसाला नवी पानं फुटली की तिच्या नवऱ्याला जाळायचं ठरलं होतं.

रीत जुनीच आहे. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहावं-तेरावं करायचं आणि बायकोने कुंकू पुसायचं. धाकटा दीर टेकचंद वाईट माणूस नव्हता. वहिनीला त्याने कधी उपाशी ठेवलं नाही, कधी वर तोंड करून बोलला नाही. त्याची पोरगी लग्नाची झाली होती आणि पाहुणे विचारत, मोठा भाऊ जिता का मेला? तरी टेकचंद एकटा असता तर आणखी दोन सालं टळलं असतं. धरून लावलं ते सासूने. सत्यभामाबाईने. "माह्या पोराले आता वाटे लावा," एवढंच ती म्हणे, आणि मग दिवसभर बोलत नसे. आईच असं म्हणते म्हटल्यावर कोण आडवं येणार? जात्यावर बसली की रत्नाबाईच्या तोंडून आपोआप येई:

पळसाच्या फुला, नको सांडू घाईघाई
पान फुटल्यावरी माह्यं कुकू राहत नाई

सासू पलीकडे बसून ऐके आणि तोंड भिंतीकडे करी.

त्या सगळ्या घालमेलीत तंबू आला. भैय्याजींची टूरिंग टॉकीज दिवाळीनंतर निघायची; मंडया करत लाखांदूर, मग चिखल्याच्या खाणीवर, आणि हंगामाच्या शेवटी घरच्या लाखनीत. बाजाराच्या पटांगणावर तंबू उभा राहिला की रत्नाबाई लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन बसायची. आजवर ती समोर, फाटकापाशी बसे. यंदा तिथे पानठेले झाले, तिला मागे सरकावं लागलं, पडद्याच्या पाठीशी. तिथे वारा कमी, चूल नीट पेटे, आणि भोंगा अगदी डोक्यावर. पिच्चर दिसत नसे, पण श्वास टाकलेला सुद्धा ऐकू येई. सासू संध्याकाळी काठी टेकत तिला न्यायला म्हणून येई आणि खेळ सुटेपर्यंत पोत्यावर पाठ करून बसून राही. गर्दी सोसत नाही म्हणून बुढी किती तरी सालांपासून, रत्नाबाई समोर बसे तेव्हाही, तिथेच मागे बसत होती.

दुसऱ्याच आठवड्यात एक पिच्चर लागलं. कुठल्या तरी मोठ्या बंगल्याची गोष्ट. संध्याकाळचा पहिला खेळ. रत्नाबाई वडे सोडत होती. हिरो बुटांनी फरशीवरून चालत आला, टक टक टक, आणि दारापाशी थांबला.

सर्र, सर्र.

मग दार उघडल्याचा आवाज.

रत्नाबाईचा झारा तेलातच राहिला. वडे काळे झाले. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, कोळसे विकून राहिली का?" तिला ऐकूच आलं नाही. थोड्या वेळाने हिरॉईन आली, पैंजण वाजवत, झुळझुळ, दारापाशी थांबली. सर्र, सर्र. मग पोलीस आला, नाल मारलेल्या बुटांचा, धडाधडा; आणि दारापाशी त्यानेही पाय घासला. साऱ्या बंबईच्या पायांना जसा काही लाखनीचा चिखल लागला होता.

त्या दिवसापासून तिला चैन नव्हतं. पिच्चर आठ दिवस होतं आणि रोज ती तेच ऐके. घरी गेली की बसवत नसे, बसली की उठावं वाटे. सकाळी मोठ्या पळसाखाली जाऊन फांद्या निरखी. एका डहाळीच्या टोकाला हिरवट कोंब पाहिला तेव्हा तिने इकडेतिकडे बघून तो नखाने खुडून टाकला. मग स्वतःचंच हसू आलं. एका झाडाचा खुडशील. जंगलाचं काय करशील?

सांगावं तर कुणाला? टेकचंद म्हणेल, वहिनीचं डोकं फिरलं. सासू तर भिंतच. पण तिच्या मनाने धरलं होतं: माणूस जिता आहे. ह्या साली पिच्चर आलं, म्हणजे ह्या साली तो चालला. चालणाऱ्या माणसाचा पुतळा कसा जाळता?

आणि तेवढ्यात भैय्याजींचं बक्षीस आलं.

हे बक्षीस म्हणजे भैय्याजींचं वेड. ते म्हणत, "नट-नट्यायले बंबईवाले बक्षीस देतात. पन ज्याचं तोंड पडद्यावर दिसत नाई त्याले कोन देते? आपन देऊ." हंगामाच्या शेवटच्या दिवशी, तंबू उतरवायच्या आधी, साऱ्या सालच्या पिच्चरांतून निवड व्हायची. कपड्यांचं बक्षीस केवळराम शिंपी ठरवी. दाढीमिशांचं न्हावी, महालांचं मांडववाला, फोटोचं आणि तुकडे जोडायचं मशीनवाला भोजराज. ज्याचा जो धंदा त्याने त्याची पारख करायची. बक्षीस म्हणजे नारळ. घ्यायला कोणी येणार नसे, म्हणून त्याच्या नावाने फोडायचा आणि सगळ्यांनी खायचा. नेम एकच होता: कारण सांगितल्याशिवाय नारळ फुटत नसे. चार लोकांसमोर उभं राहून सांगायचं, आणि लोक उलटतपासणी करायचे.

आवाजाचा नारळ आजवर भोजराजच देई. रत्नाबाई भैय्याजींसमोर जाऊन उभी राहिली.

"ह्या खेपी आवाजाचं मी सांगतो, भैय्याजी."

"तू?" भैय्याजींनी चष्मा वर केला. "तू तं एकही पिच्चर पाह्यलं नाई, रत्नाबाई."

"म्हनूनच तं. हे सगळे पाहत होते. आयकत कोन होतं?"

भैय्याजी हसत सुटले. "आयक भोजराज, तुह्या पोटावर पाय दिला हिनं. ठीक हाय, सांगजो. पन कारन लागंल बरं."

"सांगन," ती म्हणाली. मनात म्हणाली, सगळ्यांसमोरच सांगन. टेकचंद असंल, बुढी असंल, पंच असतील.

बक्षिसाच्या आदल्या दिवशी दुपारी ती भोजराजकडे गेली. तो मशीनला तेल घालत बसला होता. चाळिशीचा, एकटा, मशीनशी बायकोसारखा भांडणारा माणूस. तुलारामच्या दंडारीत तरुणपणी तो पडदे ओढायचा.

"भोजराजभाऊ, पिच्चरच्या सुरुवातीले नावं येतात ना? त्या बंगल्यावाल्या पिच्चरमध्ये ह्यायचं नाव हाय का?"

"कोनाचं?"

रत्नाबाईने नवऱ्याचं नाव कसं घ्यावं? तिने पायाकडे बोट दाखवलं. दोनदा जमिनीला पाय घासला.

भोजराज पाहत राहिला. कापसाचा बोळा त्याच्या हातातून खाली पडला. तो उचलता उचलता भोजराज म्हणाला, "च्यायला. तरीच मले वाटे, हा हिरो दारात असा काहून करते." मग त्याचा चेहरा उतरला. तो उठला, बसला, पुन्हा उठला.

"नाव नाई येत, वहिनी. अशा लोकायची नावं नाई टाकत ते."

"राहू द्या. पन ते जिते हायेत, हे तं पक्कं ना? ह्याच सालचं पिच्चर हाय."

भोजराजने तोंड फिरवलं. बाहेर हायवेवरून लाकडांनी भरलेला ट्रक गेला, तंबूची कनात हलली.

"काय झालं?"

"वहिनी, आपल्याकडं नवं पिच्चर कोन देते? आधी बंबईत चालते, मंग नागपुरात, मंग भंडाऱ्यात. घासून-घासून रेघा पडल्या का मंग आपल्या तंबूत. हे ह्या सालचं नोहे. आपल्याकडं ह्या साली आलं, एवढंच."

"मंग कधीचं?"

"सात सालं झाली असतील. आठही. तो हिरो आता टकला झाला."

रत्नाबाई खाली बसली. तिने कधी हा विचारच केला नव्हता. लाखनीत तर सगळेच असं बोलत: ह्या सालचे पिच्चर, ह्या सालचं बक्षीस. धान ह्या सालचं असतं, आंबे ह्या सालचे असतात, तसंच.

घरी जाताना वाटेत एकेक गोष्ट तिच्या अंगावर येऊ लागली. आठ सालांपूर्वी तो चालत होता. म्हणजे आज आहे का नाही, कोण सांगणार? आणि त्याच्या मागून दुसरी, जी पहिलीपेक्षा बारीक आणि जास्त टोचणारी: आठ सालांपूर्वी तो चालत होता. म्हणजे इथून गेल्यावर चार सालांनी. धडधाकट होता, कामावर होता, पैंजण घालून, बूट घालून चालत होता. आणि लाखनीच्या वाटेला त्याचा एक पाय वळला नाही.

सारी दुपार ती घरातून अंगणात, अंगणातून घरात करत राहिली. सासू म्हणाली, "एका जाग्यावर बस ना, माय. पायाले भिंगरी लागली का तुह्या?" रत्नाबाई म्हणाली, "तुमच्या घरची रीतच हाय ते." म्हातारीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरणीला लागली आणि पटांगणात लोक जमले. तंबूच्या कनाती वर गुंडाळल्या होत्या. आत आणि बाहेर असं काही उरलं नव्हतं. भैय्याजी रिळांच्या पेटीवर उभे राहिले. पुढे नारळांची रास. टेकचंद आईला घेऊन आला होता, पोत्यावर तिला बसवून मागे उभा होता.

केवळराम शिंप्याने कपड्यांचा नारळ एका राजा-राणीच्या पिच्चरला दिला. "कारन सांग," लोक ओरडले. केवळराम म्हणाला, "त्यातल्या भिकाऱ्याचं ठिगळ. ठिगळाचे टाके पाह्यले का? बाईनं घातलेले नाई, मानसानं घातलेले हायेत. म्हंजे त्याले बायको नाई. हे तोंडानं कोनी सांगितलं नाई पिच्चरमध्ये, टाक्यायनं सांगितलं." टाळ्या पडल्या. नारळ फुटला. न्हाव्याचा झाला, मांडववाल्याचा झाला. भोजराजने आपले दोन दिले, पण कारण सांगताना तो सारखा रत्नाबाईकडे पाहत होता.

"आता आवाज," भैय्याजी म्हणाले. "रत्नाबाई."

ती उभी राहिली. अजूनही सोपं होतं. आगगाडीवालं एक पिच्चर होतं. त्यात पुलावरून गाडी जाते तेव्हा खालच्या पाण्याचा आवाज बदलतो. तेवढं सांगायचं, नारळ फोडायचा, घरी जायचं. मग पानं फुटतील, पुतळा होईल. लोक येऊन बसतील, रडतील. तिने पदर दोन्ही हातांनी पिळला.

"बंगल्यावाल्या पिच्चरले," ती म्हणाली.

"कारन?"

"त्यात सगळे मानसं दारात पाय घासतात. हिरो, हिरॉईन, पोलीस. चिखल पुसल्यासारखे."

केवळरामने मान वाकडी केली. "मंग ही तं खोट झाली, वहिनी. बंगल्यात कायचा चिखल? अन् सगळ्यायचे पाय सारखे कसे? एकाच मापाचे सदरे मी साऱ्या गावाले शिवले तं तुमी मले नारळ द्यान का?"

हसू उसळलं. रत्नाबाईही क्षणभर हसली, कारण ते खरंच होतं.

"खोटच हाय," ती म्हणाली. "चांगला कारागीर असता तं आपली चाल विसरला असता. त्यायले जमलं नाई. ते माह्या घरचे हायेत. पिच्चरमधले पाय माह्या घरच्यायचे हायेत."

हसू जिथल्या तिथे थांबलं. टेकचंद पुढे आला. चिडून नाही, पडत्या माणसाला धरावं तसा.

"वहिनी, चाल घरी."

"मी पाय वळखतो, भाऊजी. तुमी वळखत नाई का?"

टेकचंद भोजराजकडे वळला. "भोजराजभाऊ, कधीचं पिच्चर हाय ते?"

भोजराज जमिनीकडे पाहत म्हणाला, "सात-आठ सालांआधीचं."

"आयकलं? असतीलही दादाचे पाय. म्या कुठं नाई म्हनलं? पन आठ सालांआधी चालला असंल तो. आज कुठं हाय? आज चालून राहिला असता तं इकडं नसता आला?" तो वहिनीकडे वळला. "मले काय हौस हाय का वहिनी, भावाले जाळाची? पाहुण्यायले काय सांगू? तुह्या कपाळाकडं पाहून लोक मले विचारतात, तं काय सांगू?"

कालपासून रत्नाबाई तेच स्वतःला विचारत होती. भैय्याजी पेटीवरून खाली उतरले. पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "सत्यभामाबाईचं काय म्हननं हाय? आई हाय ते. तिच्या तोंडून एकदा होऊन जाऊ द्या."

"आईनंच तं सांगितलं पुतळा करा म्हनून," टेकचंद म्हणाला.

सगळे पोत्याकडे वळले. म्हातारीने काठी आडवी मांडीवर घेतली होती. रत्नाबाईने मनातल्या मनात डोकं पुढे केलं. आता घाव पडणार हे तिला ठाऊक होतं.

"टेक्या," सत्यभामाबाई म्हणाली, "पानं आनू नोको."

"आई?"

"त्याचेच पाय हायेत. रत्ना आत्ता आयकून राहिली. म्या मांगच्या साली दुसऱ्या एका पिच्चरमध्ये आयकले. त्याच्या आधी आनखी एकात." ती लोकांकडे पाहत नव्हती. गुंडाळलेल्या कनातीकडे, जिथे कालपर्यंत भोंगा टांगला होता तिकडे पाहत होती. "तेवढ्यासाठीच मी इथं येऊन बसतो. सुनेले न्यायले येतो म्हनतो, ते लबाड हाय. आता तिनंच आयकले, तं लपवू कोनापासून?"

टेकचंद तिच्यासमोर उकिडवा बसला. "मंग बोलली काहून नाई? वरून मले पुतळा करा म्हनली."

म्हातारीचा हात त्याच्या डोक्यावर गेला आणि तिथेच थांबला.

"मेला म्हनलं तं चार बाया जवळ येऊन बसतात, बापू. रडता येते. जिता हाय, धड हाय, अन् त्याले माही आठवन येत नाई, हे मी कोनापाशी बसून सांगू?"